दाबोळी, मोपा आणि धावपट्टीचे तास

प्रश्न असा आला आहे: "दाबोळीला साडेतीन किलोमीटरच्या आसपास धावपट्टी आहे, २०१३ मध्ये भलीमोठी टर्मिनल इमारतही झाली. मग तोच विमानतळ वाढवायचा सोडून मोपाला दुसरा का बांधला? आणि आता दाबोळी बंद पडणार का?"

गोव्यात हा प्रश्न चहाच्या टेबलापासून विधानसभेपर्यंत सगळीकडे चघळला गेला आहे. उत्तरं बहुतेक राजकारणातून आली: उत्तर गोवा (मोपा) विरुद्ध दक्षिण गोवा (दाबोळी), हॉटेलवाले, जमिनीचे भाव. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण धावपट्ट्या, टॅक्सीवे (विमानांना धावपट्टीपर्यंत नेणारे रस्ते) आणि एप्रन (विमानं उभी करायची जागा) यांची आखणी करण्यात माझं नोकरीतलं आयुष्य गेलं, म्हणून मी विमानं जिथे चाकं टेकतात तिथून सुरुवात करतो. धावपट्टी किती लांब आहे यावरून तिथे कोणतं विमान उतरू शकेल हे कळतं. किती विमानं उतरतील हे मात्र ती धावपट्टी दिवसातले किती तास, कोणाच्या ताब्यात आणि कशी मोकळी असते यावर ठरतं. दाबोळीला लांबी कधीच कमी पडली नाही, कमी पडले ते तास. ते तास का नव्हते हे समजायला १९५५ पर्यंत मागे जावं लागतं.

पोर्तुगीजांनी साडेचारशे वर्षं गोव्यावर राज्य केलं, पण विमानतळाची गरज त्यांना अगदी शेवटी भासली. बोटी होत्या, मुरगाव बंदर होतं, मुरगावहून कॅसलरॉककडे जाणारी मीटरगेज रेल्वे होती. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली हातची गेली. भारताने नाकेबंदी आवळत नेली आणि १९५५ मध्ये रेल्वेचा मार्गही बंद झाला. गोवा, दमण आणि दीव या तीन तुकड्यांमध्ये जमिनीवरून ये-जा करणं संपलं. तेव्हा मुरगाव तालुक्यातल्या दाबोळीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, घाईने धावपट्टी झाली. मे १९५५ मध्ये तिचं उद्घाटन झालं आणि तत्कालीन गव्हर्नर जनरल बेनार्द गेदेश यांचं नाव तिला मिळालं. ट्रान्सपोर्तिस आएरिअस दा इंडिया पोर्तुगेझा, थोडक्यात टाइप, नावाची सरकारी विमान कंपनी दमण, दीव आणि कराचीला उड्डाणं करू लागली, पुढे तिची मजल लिस्बनपर्यंत गेली. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला महाराष्ट्रातून आणि देशाच्या इतर भागांतून गेलेले सत्याग्रही पत्रादेवीच्या सीमेवर पोर्तुगीज गोळ्या झेलत होते. ती पत्रादेवी आजच्या मोपा विमानतळापासून फार लांब नाही.

म्हणजे दाबोळी पर्यटनासाठी जन्मला नाही. एका कोंडलेल्या राजवटीची श्वासनलिका म्हणून तो बांधला गेला. साहजिकच १८ डिसेंबर १९६१ ला गोवामुक्तीचं ऑपरेशन विजय सुरू झालं तेव्हा भारतीय हवाई दलाचं पहिलं मोठं लक्ष्य तोच होता. पुण्याहून निघालेल्या बारा कॅनबेरा विमानांनी, विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली, सुमारे ६३ हजार पौंड बॉम्ब टाकून धावपट्टी उखडली. थोड्या वेळाने विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली आठ कॅनबेरांची दुसरी लाट आली. टर्मिनल आणि नियंत्रण मनोरा मुद्दाम वाचवण्यात आला. ज्या विमानतळाचा उद्या आपल्यालाच उपयोग व्हायचा आहे त्याची धावपट्टी दुरुस्त करता येते, इमारती आणि यंत्रणा पुन्हा उभ्या करायला वर्षं लागतात.

त्या रात्रीची एक गोष्ट मी धावपट्टीवर काम करणाऱ्या प्रत्येक नव्या इंजिनिअरला सांगत आलो. एप्रनवर दोन प्रवासी विमानं उभी होती, पोर्तुगालच्या टाप कंपनीचं कॉन्स्टेलेशन आणि टाइपचं डीसी-४. दोन्ही हल्ल्यांतून वाचली होती. विमानतळाच्या कामगारांनी अंधारात खड्डे बुजवून धावपट्टीचा काही भाग कसाबसा जुळवला आणि कॉन्स्टेलेशनने सुमारे ७०० मीटरमध्ये उड्डाण केलं. चार इंजिनांच्या त्या अवजड विमानाला एरवी याच्या कितीतरी पट जागा लागते. उडालेल्या दगडांनी विमानाच्या अंगाला भोकं पडली, एक टायर गेला, तरी ते कराचीला पोचलं. डीसी-४ सुद्धा निसटलं. जांभ्याच्या सड्यावर हे शक्य झालं असावं, असं मला वाटतं. काळ्या मातीत खड्डा पडला की खालचा थर चिखल होऊन बसतो. जांभ्याचा चुरा भरून दाबला तर निदान एका रात्रीपुरता तो टिकतो.

गोवा मुक्त झाल्यावर विमानतळ आधी हवाई दलाकडे होता, एप्रिल १९६२ पासून तो नौदलाकडे आला. आजच्या सगळ्या चर्चेचं मूळ या एका हस्तांतरात आहे. आयएनएस हंस हा नौदलाचा हवाई तळ १९६१ मध्ये कोईमतूरजवळ सुळूरला सुरू झाला होता, तो १९६४ मध्ये दाबोळीला आणला गेला. विक्रांत या विमानवाहू नौकेची सी-हॉक आणि आलिझे विमानं इथे राहू लागली. पुढे १९८३ च्या डिसेंबरात पहिली सी-हॅरिअर इथेच उतरली आणि २०१६ मध्ये त्यांना निरोपही इथेच दिला गेला. मिग-२९के ही लढाऊ विमानं आली, पाणबुड्यांचा माग काढणारी लांब पल्ल्याची विमानं आली. शिवाय जहाजाच्या डेकची जमिनीवरची प्रतिकृती, म्हणजे वर वळलेला उड्डाणउतार आणि विमान अडवणाऱ्या तारा, इथे उभी राहिली. २०१९ च्या सप्टेंबरात नौदलाच्या तेजसने तारेने अडवून घेतलेलं पहिलं लँडिंग केलं ते दाबोळीलाच. विमानवाहू नौकेवर उतरणारा प्रत्येक वैमानिक आधी इथे घाम गाळतो. म्हणून "नौदलाने अडवून ठेवलंय" असं सहज बोललं जातं ते मला पटत नाही. ही देशाची खरी गरज आहे.

पण ज्या विमानतळाची धावपट्टी, जमीन आणि हवाई नियंत्रण नौदलाकडे आहे तिथे नागरी विमानं ही पाहुणी असतात. आमच्या भाषेत याला सिव्हिल एन्क्लेव्ह म्हणतात: तळाच्या कडेला कुंपण घातलेला एक तुकडा, त्यात टर्मिनल आणि एप्रन, आणि कुंपणापलीकडे पाऊल टाकायला परवानगी. पुणे, श्रीनगर, चंडीगढ इथेही हीच व्यवस्था आहे. पुण्याच्या लोहगावचा अनुभव असलेल्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

नागरी वाहतूक इथे हळूहळू आली. १९६६ च्या सुमारास धावपट्टी जेटसाठी तयार झाली आणि इंडियन एअरलाइन्स येऊ लागली. तेव्हा मुंबईहून गोव्याला जायचं तर बहुतेक लोक बोटीने किंवा रात्रीच्या बसने जात, कोकण रेल्वे अजून तीसेक वर्षं लांब होती. १९८३ मध्ये दिल्लीतल्या परिषदेला आलेल्या कॉमनवेल्थच्या शासनप्रमुखांची अनौपचारिक बैठक गोव्यात भरली आणि त्या निमित्ताने विमानतळाला नवं रूप मिळालं. १९८७ च्या सुमारास जर्मनीहून थेट चार्टर विमानं यायला लागली. मग ब्रिटन, मग रशिया. ऑक्टोबर ते मार्च या हंगामात दाबोळीवर युरोपातली मोठी विमानं दिसू लागली. साडेतीन किलोमीटरच्या धावपट्टीचा खरा फायदा त्यांना झाला. भरलेल्या एअरबस ए३२० ला समुद्रसपाटीजवळ दोन-सव्वादोन हजार मीटर पुरतात, पण पूर्ण इंधन घेऊन युरोपला निघालेल्या मोठ्या विमानाला तीन हजारांच्या आसपास लागतात.

आता तासांकडे येतो. कामाच्या दिवसांत सकाळी साडेआठच्या सुमारापासून दुपारी एकपर्यंत धावपट्टी नौदलाच्या सरावासाठी राखलेली असे. साडेचार तास ऐकायला फार वाटत नाहीत, चोवीसातले एकोणीस-वीस उरतातच की. पण विमान कंपनीच्या वेळापत्रकात सगळे तास सारखे नसतात. विमान रात्री मुंबई-दिल्लीला मुक्कामी असतं आणि पहाटे निघतं. गोव्याला पोचून परत निघेपर्यंत साडेआठ वाजतात. तेवढ्या वेळात जी विमानं आली-गेली ती गेली, बाकीची दुपारी एकनंतरच. देशांतर्गत मार्गावरचं एक विमान दिवसाला पाच-सहा फेऱ्या मारतं तेव्हा कुठे कंपनीचं गणित बसतं. मध्येच साडेचार तासांची भिंत आली की कंपनी त्या भिंतीला धरून वेळापत्रक आखते आणि सगळ्या कंपन्या तेच करतात. परिणाम असा की दुपारी एकनंतर धावपट्टी उघडली की सगळे एकदम येतात. त्यात हॉटेलांची खोली सोडायची वेळ सकाळी दहा ते दुपारी बाराची, त्यामुळे प्रवासीही त्याच वेळी विमानतळावर लोटतात.

सरावाच्या तासांत एखादं नागरी विमान मधल्या फटीत सोडता येत नाही का, असं विचारलं जातं. लढाऊ विमानाचा सराव म्हणजे एक उड्डाण आणि एक लँडिंग एवढंच नसतं. ते उठतं, धावपट्टीला फेरी मारतं, चाकं टेकवून न थांबता पुन्हा उठतं, पुन्हा फेरी. एकामागे एक दोन-चार विमानं अशी फिरत असतात. त्यांचा वेग वेगळा, उतरायचा कोन वेगळा, इंधन मोजकं. अशा वेळी अठरा-वीस किलोमीटरवरून सरळ रेषेत संथ उतरत येणारं प्रवासी विमान मध्ये घ्यायचं म्हणजे सराव मोडायचा. नियंत्रकाच्या खुर्चीत बसलेला माणूस कुठल्याही गणवेशातला असो, तो हेच करेल.

दुसरी अडचण टॅक्सीवेची, आणि याबद्दल मला मनापासून चीड आहे, कारण हे काम कित्येक वर्षं आधी होऊ शकलं असतं. धावपट्टीच्या पूर्ण लांबीला समांतर टॅक्सीवे असेल तर उतरलेलं विमान वेग कमी झाला की पहिल्या सोयीच्या फाट्यावरून बाजूला होतं. धावपट्टी मिनिटभरात मोकळी. दाबोळीला असा सलग समांतर टॅक्सीवे अनेक वर्षं नव्हता. मग काय होतं ते पाहा. निघणारं विमान एप्रनवरून धावपट्टीवर येतं, पण त्याला उड्डाण टोकापासून करायचं असतं. म्हणून ते धावपट्टीवरूनच टोकाकडे चालत जातं. आम्ही याला बॅकट्रॅक म्हणतो. ताशी सदतीस किलोमीटर, म्हणजे वीस नॉट, हा चालण्याचा नेहमीचा वेग धरला तर दीड-पावणेदोन किलोमीटरला तीन मिनिटांच्या आसपास लागतात. टोकाला जाऊन उलटं वळायला आणखी एखादं मिनिट. मग रांगेत उभं राहणं, परवानगी, धाव. एका उड्डाणासाठी धावपट्टी पाच मिनिटं अडकली, आणि तेवढा वेळ येणाऱ्या विमानाला दूरच ठेवावं लागतं. चांगला समांतर टॅक्सीवे आणि तिरके फाटे असलेल्या एका धावपट्टीवरून तासाला तीस किंवा त्याहून जास्त विमानं हाताळता येतात. बॅकट्रॅकवर चालणाऱ्या धावपट्टीवर हा आकडा बारा-पंधराच्या पुढे न्यायला नियंत्रकांची कसोटी लागते. धावपट्टी तीच, लांबी तीच, क्षमता निम्मी.

म्हणूनच २०१३ च्या डिसेंबरात नवी टर्मिनल इमारत सुरू झाली तेव्हा लोकांना जेवढा आनंद झाला तेवढा आमच्यातल्या अनेकांना झाला नाही. इमारत चांगली होती, जुन्या टर्मिनलच्या कोंदट गर्दीतून सुटका झाली. पण टर्मिनल हे वर्षाच्या प्रवाशांवर आखलं जात नाही, गर्दीच्या तासावर आखलं जातं. एक साधं गणित करा. एका उभ्या जागेवर, म्हणजे पार्किंग स्टँडवर, विमान आलं की चाकांना अडण्या लागतात, शंकू मांडले जातात, शिडी लागते, सामानाच्या ट्रॉल्या येतात, इंधनाची गाडी येते, केबिन साफ होते, नवे प्रवासी चढतात. सगळं सुरळीत झालं तर पाऊण तास, पुढच्या विमानापर्यंतची फट धरून एक तास. दहा स्टँड असतील तर तासाला दहा विमानं. प्रत्येकात एकशेऐंशी माणसं धरली तर अठराशे उतरणार, अठराशे चढणार. ही माणसं दिवसभर विभागून आली तर इमारत रिकामी वाटते. दुपारी एक ते पाचमध्ये एकवटली तर तीच इमारत अपुरी पडते, सामानाचे पट्टे भरून वाहतात, सुरक्षा तपासणीची रांग दारापर्यंत जाते. प्रवासी म्हणतो, टर्मिनल लहान आहे. खरं तर टर्मिनल सकाळभर रिकामं होतं.

२०१८-१९ मध्ये दाबोळीवरून सुमारे ८४ लाख प्रवाशांनी ये-जा केली. नवी इमारत उघडली त्या वर्षाच्या दुपटीहून हे अधिक. एका नौदल तळाच्या कडेला, एका धावपट्टीवर आणि मोजक्या तासांत हे झालं. ज्यांनी ते निभावून नेलं, नौदलाचे नियंत्रक आणि नागरी बाजूचे एप्रन कर्मचारी, त्यांचं कौतुक मी कुठेही करीन.

एकाच धावपट्टीवर सगळं टांगलेलं असण्याचा अर्थ दोन घटनांनी दाखवून दिला. २७ डिसेंबर २०१६ च्या पहाटे मुंबईला निघालेलं एक बोइंग ७३७ उड्डाणासाठी रांगेत येताना घसरून धावपट्टीबाहेर गेलं. आत १६१ माणसं होती. काही जण किरकोळ जखमी झाले, जीव सगळ्यांचे वाचले. पण नाताळ आणि नववर्षाच्या मधल्या आठवड्यात, गोव्याच्या वर्षातल्या सर्वात गर्दीच्या दिवसांत, विमानतळ कित्येक तास बंद राहिला. मग ३ जानेवारी २०१८ ला एक मिग-२९के धावपट्टी सोडून गेलं आणि पेटलं. वैमानिक सुखरूप बाहेर पडला आणि धावपट्टी पुन्हा बंद झाली. अशा वेळी गोव्याकडे येणारी विमानं मुंबई, बंगळूर, हैदराबादकडे वळवावी लागत, कारण जवळ मोठ्या विमानाला घेईल असं दुसरं काही नव्हतं.

"पण मग नौदलालाच दुसरीकडे हलवायचं" हा पर्याय गोव्यात वर्षानुवर्षं मांडला गेला. कारवारला नौदलाच्या सीबर्ड प्रकल्पात आयएनएस कदंब हा तळ २००५ मध्ये सुरू झाला, तेव्हा हवाई तळही तिकडे न्या अशी मागणी जोरात होती. अंकोल्याजवळ नौदलाच्या हवाई तळाची योजना आहेही. पण हंस म्हणजे एक धावपट्टी एवढंच नाही. दुरुस्तीचे कारखाने, प्रशिक्षणाची यंत्रणा, दारूगोळ्याची कोठारं, घरं, शाळा, आणि ती डेकची प्रतिकृती. हे सगळं उचलून नेणं दहा-पंधरा वर्षांचं आणि अफाट खर्चाचं काम होतं, आणि नौदलाला त्याची निकड नव्हती. केंद्रात कोणाचंही सरकार असो, संरक्षण मंत्रालयाने ही मागणी मनावर घेतली नाही.

मोपाचा विचार यातूनच पुढे आला. केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २००० मध्ये मोपाला तत्त्वतः मान्यता दिली. तेव्हाच्या निर्णयात मोपा सुरू झाल्यावर दाबोळीची नागरी वाहतूक बंद करण्याचीच गोष्ट होती. दक्षिण गोव्यात त्यावर जो उद्रेक झाला तो अगदी स्वाभाविक होता. मडगावच्या माणसाला पाऊण तासावरचा विमानतळ काढून सत्तरेक किलोमीटरवरचा दिला जाणार होता. काणकोणचा माणूस तर शंभरेक किलोमीटर जाणार. पुढे हा निर्णय बदलला आणि दोन्ही चालू राहतील असं ठरलं. मधली सोळा वर्षं भूसंपादन, अभ्यास आणि वादांत गेली. २०१६ मध्ये जीएमआर समूहाला काम मिळालं, १३ नोव्हेंबर २०१६ ला पंतप्रधानांनी पायाभरणी केली.

मोपाही एक सडाच आहे, पेडणे तालुक्यातला, दाबोळीपेक्षा बराच उंच. सडा म्हणजे वर जांभ्याचं टणक कवच. लोकांना तो उजाड दिसतो, पण पावसाळ्यात तो पाणी पितो आणि ते पाणी पायथ्याच्या झऱ्यांतून वर्षभर गावांना मिळतं. गावातल्या विहिरी आणि कुळागरं, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, त्या पाण्यावर जगतात. सड्यावर साडेतीन किलोमीटरची धावपट्टी, टॅक्सीवे आणि एप्रन घातले की पाणी मुरायची जागा झाकली जाते आणि तीनेक हजार मिलीमीटर पाऊस गटारांतून उतारावरून धावत सुटतो. गटारं नीट आखली नाहीत तर खालच्या शेतात माती जाते आणि वरचे झरे आटतात. हे काम नीट करायचं तंत्र आहे: पाणी टप्प्याटप्प्याने थांबवणारी तळी, मुरवण्याचे चर, उतारांवर लगेच गवत. पण त्यासाठी आधी सड्यावर आणि भोवती काय आहे हे प्रामाणिकपणे कागदावर मांडावं लागतं. तिथेच चूक झाली. पर्यावरण मंजुरीच्या अर्जात परिसरातली राखीव जंगलं आणि पश्चिम घाटातले संवेदनशील भाग यांची माहिती नीट दिली गेली नव्हती. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंजुरी स्थगित केली आणि काम थांबलं. जानेवारी २०२० मध्ये जादा अटींसह स्थगिती उठली आणि अटींच्या पालनावर देखरेखीचं काम नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडे दिलं गेलं. प्रकल्पवाल्यांना ते दहा महिने फार टोचले. मला त्या निकालाचं मोल मोठं वाटतं. अर्जात झाडं आणि झरे लपवून बांधलेला विमानतळ पुढे प्रत्येक पावसाळ्यात त्याची किंमत मोजत राहतो.

११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन होऊन ५ जानेवारी २०२३ पासून मोपाहून, म्हणजे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून, नियमित उड्डाणं सुरू झाली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला ४४ लाख प्रवाशांची ठरवली होती आणि पहिल्या पूर्ण वर्षातच तिथली संख्या चाळीस लाखांच्या पुढे गेली. यात जाहिरातीचा भाग कमी, तासांचा जास्त. मोपाला चोवीस तास धावपट्टी मोकळी आहे आणि समांतर टॅक्सीवे पहिल्या दिवसापासून आहे. विमान कंपनीला सकाळी दहाचं विमान लावता आलं. एअर इंडियाने लंडनच्या गॅटविकचं उड्डाण २०२३ मध्ये मोपाला नेलं, कतार एअरवेज २०२४ मध्ये गेली. याला अनेक जण कारस्थान म्हणतात. मी कंपनीत वेळापत्रक आखणारा असतो तर मीही तेच केलं असतं.

मोपाची एक झळ सीमेपलीकडे सिंधुदुर्गाला बसली, ते महाराष्ट्रातल्या वाचकांनी लक्षात घ्यावं. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, अडीच किलोमीटर धावपट्टी, परुळ्याच्या सड्यावर. सव्वा वर्षात तास-दीड तासाच्या अंतरावर मोपा उघडला, जिथे दिवसाला डझनांनी उड्डाणं. सावंतवाडी, दोडामार्ग, बांदा इथल्या माणसाला मोपा चिपीपेक्षा सोयीचा. चिपीची सेवा तेव्हापासून धडपडतेच आहे. दोन राज्यांनी एकमेकांकडे न बघता केलेल्या आखणीचं हे फळ. कुडाळ-मालवणच्या लोकांनी निराश होऊ नये, पण चिपीला मोपाची नक्कल करून चालणार नाही. मुंबईसाठी पहाटेचं आणि संध्याकाळचं असं भरवशाचं छोटं विमान आणि आंबा-मासळीचा माल, यात त्याचं भवितव्य आहे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. दाबोळी बंद पडेल का? धावपट्टी तर बंद पडणार नाहीच, नौदल तिथे आहे. नागरी वाहतूकही एका फटक्यात जाईल असं मला दिसत नाही. वास्को, मडगाव, फोंडा, केपे, काणकोण आणि कारवारपर्यंतचा प्रवासी दाबोळीचा आहे, दक्षिणेकडची मोठी हॉटेलंही त्याचीच. मोपा सुरू झाल्यावरही २०२३-२४ मध्ये दाबोळीने साठ लाखांहून जास्त प्रवासी हाताळले. पण आंतरराष्ट्रीय उड्डाणं ओसरत गेली तर एक धोका आहे. सीमाशुल्क आणि इमिग्रेशनचे कर्मचारी, ड्युटी फ्री दुकानं, मोठ्या विमानांना लागणारी ग्राउंड हँडलिंगची साधनं ही सगळी व्यवस्था काही किमान उड्डाणांवर जगते. ती एकदा पातळ झाली की परत जमवणं फार कठीण. विमानतळ बंद न होता खंगतो तो असा.

म्हणून दक्षिण गोव्यातल्या ज्या संस्था "दाबोळी वाचवा" म्हणतात त्यांना माझं सांगणं आहे की घोषणा इमारतीभोवती फिरवू नका. नवं टर्मिनल, नवी पार्किंग, नवं नाव यांनी काही हलणार नाही. मागायच्या गोष्टी दोन. पहिली, नौदल आणि नागरी उड्डयन मंत्रालय यांच्यात लेखी करार, ज्यात कोणत्या दिवशी कोणते तास नागरी वाहतुकीला पक्के मिळतील हे किमान दोन-तीन हंगाम आधी लिहिलेलं असेल. विमान कंपन्या हिवाळी वेळापत्रक महिनोन्‌महिने आधी बांधतात, "यंदा बहुधा मिळतील" अशा तासांवर कुठलीही कंपनी विमान लावत नाही. दुसरी, धावपट्टीला समांतर टॅक्सीवेचा नागरी विमानांना पूर्ण वापर आणि एप्रनवर रात्रीच्या मुक्कामाच्या जागा. रात्री इथे उभं राहिलेलं विमान पहाटे सहाला निघून सकाळी साडेआठच्या आत मुंबई किंवा बंगळूरला टेकू शकतं, आणि मडगावच्या माणसाला तिथलं दिवसभराचं काम उरकून रात्री घरी जेवायला येता येतं.

पुढच्या ऑक्टोबरात हिवाळी वेळापत्रक लागेल तेव्हा एकूण उड्डाणांच्या आकड्याकडे बघू नका. दाबोळीहून सकाळी साडेसातच्या आत किती विमानं निघतात आणि रात्री किती मुक्कामाला राहतात, तेवढं मोजा. ते दोन आकडे वाढत असतील तर दाबोळी टिकतो आहे.